नावं लिहून घेणारी बाई

आजीला जाऊन महिना झाला. बातमी मीच केली होती. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, माजी सरपंच, वय ९१, वृद्धापकाळाने निधन, पश्चात एक मुलगा, दोन मुली, नातवंडे, परतवंडे असा परिवार. निधनवार्तेला आमच्या तालुका पानावर जेवढी जागा असते तेवढ्यात बसवली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरच्या अशा बातम्या लिहितोय, त्यामुळे त्या मापात काय बसतं आणि काय बाहेर राहतं ते मला ठाऊक आहे. बाहेर राहिलेलं आज इथे लिहितो. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

लिहायला आणखी एक कारण आहे. आजीने जिथे सगळ्यात जास्त वर्षं शिकवलं, त्या वाडीच्या शाळेचा पट यंदा ९ वर आलाय. ती शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळायची चर्चा पुन्हा सुरू झालीये. येत्या ग्रामसभेत विषय निघणार. त्याआधी आजीने तिथे काय काम केलं ते गावाला, निदान तरुण पोरांना, माहीत असावं.

आजीचा जन्म कागदोपत्री १ जून १९३४ चा. आता तुम्ही हसाल. आपल्या माण तालुक्यात १ जूनला मोबाइल उघडला की निम्म्या ओळखीच्यांचे वाढदिवस निघतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोरगं सहा वर्षांचं दिसायचं, आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजीचा वाढदिवसही असाच एका मास्तरांनी ठरवलेला. तिला त्याचा राग होता. ती म्हणायची, "मला इचारलं असतं तर आईनं सांगितलं असतं. इचारलंच न्हाई."

म्हणून ती स्वतः शिक्षिका झाल्यावर विचारायची. पोराला घेऊन आलेल्या आईला आधी खाली बसवायची, पाणी द्यायची आणि सुरू करायची. पाऊस लागला होता का? म्हसवडच्या रथाच्या आधी की नंतर? ज्वारी काढायला आली होती का? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा पोटात होता का अंगावर पीत होता? ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप हा आमच्याकडच्या एका पिढीचा जन्मदाखलाच आहे. तसाच १९७२ चा दुष्काळ. असं विचारत विचारत ती महिन्यापर्यंत यायची, कधी तिथीपर्यंतही. मग पंचांग काढून तारीख लावायची. वाडीच्या जुन्या जनरल रजिस्टरात तिच्या अक्षरातली पानं उघडून बघा. तिथे १ जून सापडतात, पण कमी सापडतात.

आजीचे वडील गावचे कोतवाल. तलाठ्याचे कागद घेऊन गावोगाव पायी फिरायचे, पण त्यातला एक वाचता यायचा नाही. ते त्यांना फार लागायचं. म्हणून पोरीला सातवीपर्यंत शिकवलं. व्हर्नाक्युलर फायनल झालेली पोरगी तेव्हा पंचक्रोशीत दुसरी नव्हती. सोळाव्या वर्षी लग्न झालं. आजोबा मुंबईला गिरणीत. १९५४ साली आजीला स्कूल बोर्डाची ऑर्डर आली. जिल्हा परिषदा अजून व्हायच्या होत्या, त्या १ मे १९६२ ला आल्या. आपल्या जिल्ह्याचं नावही तेव्हा उत्तर सातारा होतं. ट्रेनिंग नंतर नोकरीत असतानाच झालं.

वाडीत शाळा म्हणजे देवळाची ओवरी. चार इयत्ता, एक बाई. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' त्याच सुमारास, १९५५ साली आली. शेजारच्याच मुलखातली, औंध संस्थानातल्या धनगरवाडीची आणि तिथल्या मास्तरची गोष्ट. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला कोल्हापूरला होतो तेव्हा तिथून आजीसाठी ते पुस्तक आणलं. दोन दिवसांत वाचून काढलं. म्हणाली, "मास्तर गुणी हाय. पण पोरी किती व्हत्या शाळंत?"

तिचा सगळा जन्म त्याच प्रश्नावर गेला. ती सकाळी शाळा उघडायच्या आधी वाडीवरून एक चक्कर मारायची. पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी, तर ती म्हणायची, भावंडाला घेऊन ये. मेंढराचं कोकरू राखायला घरी, तर कोकरू घेऊन ये. विस्तार अधिकारी एकदा तपासणीला आले तेव्हा वर्गात २३ मुलं, ५ रांगती बाळं आणि २ कोकरं होती. शेरेबुकात त्यांनी काय लिहिलं ते आजी आम्हाला पाठ म्हणून दाखवायची. ते शेरे कौतुकाचे नव्हते.

आता नावांचं सांगतो. आपल्या जिल्ह्यात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला 'नकुसा' म्हणायची रीत होती. नको असलेली. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अडीचशेहून जास्त नकुसांचं सरकारी कार्यक्रमात नामकरण झालं. देशभरच्या पेपरांत आलं, परदेशातही छापून आलं. मी त्या दिवशी बातमी घेऊन आजीकडे गेलो. तिने वाचली आणि म्हणाली, "बरं झालं. उशीर झाला, पण बरं झालं."

कारण हे काम ती साठच्या दशकापासून एकटी करत होती. आई म्हणायची, "ल्हिवा बाई, नकुसा." आजी पेन खाली ठेवायची. "हे नाव मी लिहिणार न्हाई. दुसरं सांगा, मी थांबते." कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं तुम्हीच घाला. मग ती पोरीलाच विचारायची, तुला काय आवडतं गं?

याचा दुसरा भागही सांगायला पाहिजे. यातल्या काहींना पुढे त्रास झाला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, घरच्या रेशन कार्डावर नकुसा, सासरी तिसरंच. आधार आलं, खात्यावर पैसे यायला लागले, तेव्हा ही तीन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं करावी लागली. आजीच्या दहाव्याला अशी एक बाई आली होती, साठीच्या पुढची. मी तिला विचारलं, आजीमुळे तुमचे हेलपाटे झाले, राग नाही आला? ती म्हणाली, "आला की. तहसीलला चार येळा गेले. पण पोरांच्या दाखल्यावर आईचं नाव ल्हेत्यात न्हवं आता, तितं नकुसा असतं तर?" नाव छापायला तिने परवानगी दिली नाही, म्हणून लिहीत नाही.

दर दहा वर्षांनी जनगणना यायची. आजीने चार केल्या: १९६१, ७१, ८१ आणि ९१. शिक्षकांना जुंपतात म्हणून आज ओरड होते आणि ती योग्यच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं लावायला बंदी घातली, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत यांना त्यातून सूट आहे. आजी मात्र जनगणनेचं वर्ष आलं की खूश असायची. तिला सगळ्या घरांत जायला मिळायचं.

अडचण एकच, बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या, पण लाज आपल्याकडेही तीच. आजीने त्यावर उपाय काढला होता. ती म्हणायची, "नाव सांगू नगा, उखाणा घ्या." बाई पदर तोंडाला लावून हसायची, आजूबाजूच्या चार गोळा व्हायच्या आणि उखाण्यातून नवऱ्याचं नाव बाहेर यायचं. आजी ते लिहून घ्यायची आणि विचारायची, "आता तुमचं सांगा. माहेरचं बी सांगा."

दुसरी अडचण कामाच्या रकान्याची. घरातला बाप्या सांगायचा, "ती काय करत न्हाई, घरीच असतीया." आजी वहीतून मान वर न करता विचारायची, खुरपणीला कोण जातं? वैरण कुणी आणली? शेण, दूध, कोंबड्या कुणाकडं? आणि मग त्या बाईची नोंद शेतात काम करणारी अशीच करायची. १९९१ च्या जनगणनेत तर प्रश्नातच बिनपगारी शेतकाम धरायचं असं लिहून आलं. आजीला वाटलं दिल्लीत कुणीतरी तिचं ऐकलं. ती हे खरंच मानायची.

शेवटच्या रात्री बेघरांची मोजणी असते. गावाबाहेर पालं टाकून राहिलेली घिसाड्यांची कुटुंबं असायची. ८१ साली बाबा कंदील घेऊन तिच्याबरोबर गेले होते. ते सांगतात, एका पालात म्हातारी झोपली होती, तिला उठवू नका म्हणाले लोक. आजी अर्धा तास बाहेर दगडावर बसून राहिली. म्हातारी जागी झाल्यावर तिचं नाव तिच्याच तोंडून घेतलं.

१९७२ ला शाळा ओस पडली. पोरं आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला. आजीने तीन दिवस रिकाम्या ओवरीत हजेरी घेतली. चौथ्या दिवशी गुंडाळी फळा काखोटीला मारून तलावाच्या कामावर गेली. दुपारच्या सुट्टीत, सुकडी वाटून झाली की झाडाखाली अर्धा तास शाळा. तेवढी तरी.

तिथे तिने मस्टर बघितलं. बायकांची नावं नवऱ्याच्या नावाखाली, आणि आठवड्याचा पगार नवऱ्याच्या हातात. काही नवरे तो संध्याकाळपर्यंत संपवायचे. आजीने मुकादमाशी भांडण केलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला लिहायचा त्रास होतो, मी लिहून देते. आठवडाभर रोज संध्याकाळी बसून तिने बायकांची नावं स्वतंत्र ओळीत लिहून दिली. पुढे त्या दुष्काळातूनच आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांच्या विचारातून, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तो कुठल्या सभागृहात झाला, कुणी मांडला, हे पुस्तकांत आहे. त्या तलावावर बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावासमोर अंगठा उठवला, ते कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहितोय.

नावं लिहून घेण्यातला धोकाही तिला कळत होता. १९७६ साली आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट होतं. शाळेच्या रजिस्टरावरून कुणाला किती पोरं आहेत ते लगेच कळतं. एका साहेबांनी आजीकडे तशी यादी मागितली. ती म्हणाली, "ही नावं लोकांनी मला पोरं शिकवायला दिली हायती. ह्यासाठी न्हाई दिली." दोन महिने पगार थांबला. आजोबांच्या गिरणीच्या मनिऑर्डरवर घर चाललं. वाडीतल्या लोकांना हे कळलं, आणि त्यानंतर बाईंनी विचारलं की लोक सगळं सांगायचे. जनगणनेच्या कायद्यात माणसाची माहिती गुप्त ठेवायची तरतूद १९४८ पासून आहे. पण वाडीने त्या कायद्यावर विश्वास ठेवला नव्हता, बाईंवर ठेवला होता.

घरात ती कशी होती हे लिहिलं नाही तर ही पोस्ट फ्लेक्सवरच्या मजकुरासारखी होईल. ती कडक होती. छडी वापरायची. बाबा तिच्याच वर्गात होते आणि त्यांना शाळेत तिला आई म्हणायची परवानगी नव्हती. घरी येऊनसुद्धा ते सवयीने बाई म्हणायचे. १९८२ च्या संपात गिरणी गेली आणि आजोबा कायमचे गावी आले. तेव्हा घर तिच्या पगारावर चाललं, आणि ती हे कधी बोलून दाखवत नसली तरी आजोबांना ते रोज कळत होतं. ते चहा करायला शिकले. भाकरी नाही शिकले.

आणि मोठी आत्या. दहाव्याच्या दिवशी सगळे आजीचं कौतुक करत होते तेव्हा आत्या म्हणाली, "ती गावाच्या पोरी शाळेत आणायला जायची, आणि मी घरी धाकट्यांना बघून भाकऱ्या थापायची. मॅट्रिक मी लग्नानंतर दोन पोरं झाल्यावर केलं." सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने आत्याच म्हणाली, "फॉर्म तिनंच भरला व्हता, पण." मी दोन्ही वाक्यं लिहितोय, कारण दोन्ही खरी आहेत.

आजी ३१ मे १९९२ ला निवृत्त झाली. १ जूनवाले सगळे ३१ मेलाच निवृत्त होतात, हाही त्या तारखेचा एक गुण. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने महिलांना पंचायतीत एक तृतीयांश जागा आल्या आणि १९९७ ला आमचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. गावातल्या जाणत्यांनी ठरवलं, बाईंना करू. वय झालंय, गरीब आहेत, सही करतील.

पहिल्या महिन्यात ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक सहीला घरी घेऊन आले. आजी म्हणाली, ठेवून जा, सकाळी देते. सकाळी त्यांना बुक परत मिळालं ते लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून, आणि तीन ठरावांपुढे प्रश्नचिन्हं. त्यातला एक ठराव विहिरीचा गाळ काढल्याच्या बिलाचा होता. आजी विहिरीवर जाऊन आली होती. गाळ जागेवर होता.

तिने ग्रामसभेत जमाखर्च मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्गात धडा वाचावा तसा, स्वल्पविरामाला थांबून. घरकुलं आली तेव्हा नमुना आठला नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचा आग्रह धरला. १४ घरांना लागलं. घर दोघांच्या नावावर करायचा निर्णय पुढे सरकारनेच काढला, पण तेव्हा तिच्याकडे तसा कागद नव्हता. ती दारोदार जाऊन नवऱ्यांना समजावत होती. काहींनी तिला हाकलून दिलं.

अडीच वर्षांनी अविश्वास आला. सातपैकी पाच मतं विरोधात. त्यात दोन बायका होत्या, दोघी तिच्याच विद्यार्थिनी. त्यांच्या घरून सांगितलं होतं तसा त्यांनी हात वर केला. त्या रात्री त्यातली एक मागच्या दाराने आमच्या घरी आली आणि रडायला लागली. आजीने तिला विचारलं, "नोटीस वाचली व्हतीस का, कशावर हात वर करायचा ते?" नव्हती वाचली. आजी तिला दर मंगळवारी बोलावून पंचायतीचे कागद वाचायला शिकवायला लागली. दुसरी मात्र त्यानंतर आमच्या दारात कधी आली नाही, अंत्ययात्रेलाही नाही.

पद गेल्यावरही आजी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चारही ग्रामसभांना पुढच्या सतरंजीवर वही घेऊन बसायची. तिला बघितलं की लोक जमाखर्च आपोआप मोठ्याने वाचायचे.

मी पत्रकारितेत आलो तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "बातमीत बायांची नावं पुरी ल्हेतोस का?" दुष्काळाच्या बातमीत आम्ही 'हंडाभर पाण्यासाठी महिलांची वणवण' लिहितो आणि खाली बोलणाऱ्या पुरुषाचं नाव आडनावासकट. तेव्हापासून मी हंडा घेतलेल्या बाईचं नाव विचारतो. आधी ती नको म्हणते. मग सांगते.

आता मुद्द्याचं.

२०२३ च्या सप्टेंबरात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा सुमारे १५ हजार शाळा निघाल्या. विरोध झाला, विषय थांबला, पुन्हा निघाला. आमच्या वाडीची शाळा त्यातलीच. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. ९ पोरं, इयत्ता चार, त्यात खेळायला सवंगडी नाही, वर्गात चढाओढ नाही, बाईंची मीटिंग लागली की शाळेला सुट्टी. असं शिक्षण चांगलं, असं मी म्हणणार नाही. इंग्रजी शाळेची गाडी वाडीच्या फाट्यावर येते, आणि जे पोराला त्यात बसवतात त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

पण निर्णय घ्यायचा तर आधी आजीसारखी मोजणी करा. पट ९ म्हणजे शाळेत नाव असलेली पोरं ९. वाडीत पोरं किती आहेत? ऊसतोडीला गेलेल्या घरांतली किती? मेंढरांमागे गेलेली किती? पोरी किती, आणि चौथीनंतर त्यातल्या किती ओढा ओलांडून शाळेला जातात? शिक्षण हक्काच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे. मोठी शाळा त्याहून लांब आहे आणि मधल्या ओढ्याला पावसाळ्यात पाणी असतं. गाडी देणार असाल तर कोण देणार, किती वर्षं देणार, हे ठरावात लेखी आलं पाहिजे.

आणि ते रजिस्टर. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या शाळांतली जुनी जनरल रजिस्टरं माळ्यावरून खाली आली. कुठे वाळवी लागलेली, कुठे पानं गेलेली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, त्या दिवसांत सगळ्यांना कळलं की आपल्या पणजोबाचा सरकारदरबारी पुरावा एका मास्तरच्या किंवा बाईच्या अक्षरात आहे. वाडीची शाळा मिसळली तर ते रजिस्टर कुणाच्या कपाटात जाणार, त्याची चावी कुणाकडे, स्कॅन करून एक प्रत पंचायतीत राहणार का? हा प्रश्न मी ग्रामसभेत विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०११ नंतर थेट ही. यंदा मोबाइल अॅपवर आणि जातीसह. दारात येणारे बहुतेक आपल्याच शाळांतले शिक्षक असतील. त्यांना बसायला सतरंजी टाका, पाणी द्या. घरातल्या बाईने स्वतःचं नाव स्वतः सांगावं. शेतात राबणारीबद्दल "ती घरीच असती" असं कुणी सांगू नये. तेवढ्याने एका ओळीचा फरक पडतो.

या रविवारी सकाळी ८ वाजता वाडीच्या शाळेच्या पटांगणात जमतोय. वाडी आणि वस्त्या मिळून घरं वाटून घेऊ आणि ३ ते १४ वयाच्या सगळ्या पोरांची यादी करू, शाळेत असलेल्यांची आणि नसलेल्यांची. ग्रामसभेत तीच यादी ठेवायची. मिसळायची तर यादी बघून मिसळा, राखायची तर यादी बघून राखा.

वही-पेन घेऊन या. यादीत मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहायचं आहे.